बंद घर, शेतातली मोटार, पार्किंगमधली गाडी : वायरलेस अलार्म लावायचा तर नेमका कसा?

जुळेसोलापूरकर
२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, आमचं जुळे सोलापुरातलं घर फोडलं. मी पुण्यात नोकरीला. वडिलांच्या आजारपणामुळे आई-वडीलही दीड वर्षापासून माझ्याकडेच आहेत. घराला कुलूप. शेजारच्या काकू रोज सकाळी दारात पाणी मारताना आमच्या फाटकाकडं एक नजर टाकतात, तेवढाच पहारा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "अरे, तुमच्या उंबऱ्याखालनं पाणी आलंय बघ, बंद घरात पाणी कुठनं?" संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून आलो.

दागिने, रोकड घरात नव्हतीच. नेलं ते तांब्याचा बंब, आजीच्या पितळी घागरी, देवघरातली समई, दोन सिलिंडर आणि मागच्या पडवीतली वडिलांची स्कूटर. बाथरूमचे आणि स्वयंपाकघरातले सगळे नळ पाना लावून काढून नेले होते. त्यामुळे गच्चीवरची टाकी घरातच रिकामी झाली. मी पोचलो तोवर फरशी वाळली होती, पण पाणी जिथवर चढलं होतं तिथवर भिंतीला क्षाराची पांढरी रेघ उमटली होती. ती रेघ बघून आई जी खाली बसली ती बराच वेळ उठली नाही. घागरींपेक्षा तिला त्याचंच जास्त लागलं.

घरात कॅमेरा होता. पण घरात कुणी राहत नाही म्हणून ब्रॉडबँडचा रिचार्ज नोव्हेंबरात संपल्यावर मी केलाच नाही. कॅमेऱ्यानं पाठवलेलं शेवटचं चित्र नोव्हेंबरातलं आहे.

आता वायरलेस अलार्म लावायचं ठरवलंय. घर तर आहेच, शिवाय मोहोळ तालुक्यात चुलत्यांच्या विहिरीवरची केबल दोन वर्षांत दोनदा कापून नेली, आणि माझी मोटरसायकल आठवड्यातले पाच दिवस स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी असते. तिन्ही ठिकाणी एकच प्रकार चालेल का? ज्यांनी स्वतः लावलंय त्यांनी कृपया लिहावं.


मीटर_आणि_सोल्डर
३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

दादा, वाचून वाईट वाटलं. चौदा वर्षं हेच काम करतोय, सात रस्त्यापासून कुंभारीपर्यंत. तिन्ही ठिकाणी एकच प्रकार चालणार नाही, आणि 'चालेल' म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका.

आधी 'वायरलेस' म्हणजे काय ते सांगतो, कारण इथंच लोक फसतात. दारावरचा सेन्सर पॅनलला, म्हणजे घरातल्या मुख्य डब्याला, खबर देतो, हा पहिला टप्पा. पॅनल तुमच्या मोबाइलला खबर देतो, हा दुसरा. हातातला रिमोट चालू-बंद करण्यापुरता. गिऱ्हाईक येतं आणि रिमोटची रेंज विचारतं. तुम्ही अडीचशे किलोमीटरवर बसलाय, तुम्हाला रिमोटचा उपयोग कुलूप लावताना आणि काढताना, बस. तुमचं सगळं दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून आहे.

पहिला टप्पा बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. मध्ये स्लॅब, दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट आलं की वीस मीटरवरसुद्धा सिग्नल अडखळतो. पत्र्याच्या शेडमध्ये पॅनल आत आणि सेन्सर बाहेर, असं करू नका, पत्रा सिग्नल खातो. भिंतीत खिळा ठोकायच्या आधी सेन्सर हातात धरून प्रत्येक दारात उभं राहा, पॅनलला दहातली दहा वेळा खबर पोचली तरच ती जागा पक्की करा.

आता सोलापूरची खास अडचण. माणूस ओळखणारा जो सेन्सर असतो, पीआयआर म्हणतात त्याला, तो खरं तर माणूस बघत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक हलला की तो चेततो. थंडीत भिंत २२ अंशांवर आणि कातडी ३४ वर, फरक ठळक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो. बंद खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी सातला हात लावून बघा. खोलीच ३५-३६ वर असली की माणूस आणि भिंत त्याला सारखेच. बारा मीटर लिहिलेला सेन्सर मग चार मीटरवरही कधी चेततो, कधी नाही. तापमान बघून स्वतःची संवेदनशीलता वाढवणारे सेन्सर मिळतात, खोक्यावर 'टेम्परेचर कॉम्पेन्सेशन' लिहिलेलं असतं, तेच घ्या. लावताना माणूस समोरून चालत येईल असा लावू नका, आडवा जाईल असा लावा, आडव्या हालचालीला तो जास्त जागा असतो.

पण बंद घराची मुख्य भिस्त दाराच्या चुंबकावर ठेवा. काचेच्या नळीत दोन पातळ पट्ट्या, शेजारी चुंबक. दार उघडलं, चुंबक लांब गेला, पट्ट्या सुटल्या, खबर गेली. ऊन, पाल, धूळ कशाचाच त्याला फरक पडत नाही. तुमच्या मागच्या दाराला तो पहिला लावा.

पालीवरून सांगतो. परवा होटगी रोडला एका बंगल्यात गेलो होतो, अलार्म रोज पहाटे तीनच्या सुमारास वाजायचा. मालकांनी वैतागून महिनाभर बंदच ठेवला होता. सेन्सरचं झाकण काढलं तर आत पालीची दोन अंडी, भिंगाला आतून मुंग्यांची रांग. वायरीसाठी मागं सोडलेलं भोक उघडंच राहिलं होतं. सिलिकॉननं बुजवलं, तेव्हापासून गप आहे. एवढ्याशा भोकासाठी महिनाभर घर उघडं पडलं.


पूर्वभाग_यंत्रमाग
३ फेब्रुवारी, दुपारी २:०५

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आधी ज्यानं बसवून दिलं त्यानं सुताच्या गोडाऊनच्या शटरला हादरा ओळखणारा सेन्सर लावला. भिंतीला भिंत लागून शेजाऱ्याचे माग. रात्रपाळीला त्यांचे माग सुरू झाले की जमीन थरथरते, आणि आमचा हूटर सुरू. पहिल्या आठवड्यात शेजारचे कामगार पळत आले. दुसऱ्या आठवड्यात एक-दोघं आले. तिसऱ्या आठवड्यात कुणीच आलं नाही, आणि त्याच आठवड्यात खरोखर शटर उचकटलं. सुताची पोती गेली. हूटर वाजत होता, सगळ्यांनी ऐकला होता.

त्या माणसांवर माझा अजिबात राग नाही. त्यांना दहा वेळा खोटं उठवलं मी.

आता शटरला जाड लोखंडी खोळीतला मोठा चुंबक आहे. दाराचा छोटा चुंबक शटरला चालत नाही, शटर वाऱ्यानं दोन बोटं हलतं. मोठ्याला दोन इंचांची फट चालते. हादरा सेन्सर काढून टाकला.


शेजारीण_विजापूररोड
३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, म्हणजे ज्यांच्या कानावर तो भोंगा पडतो त्यांच्या बाजूनं.

आमच्या समोरचं घर बंद असतं, मुलं परदेशात. गेल्या उन्हाळ्यात रात्री सव्वाला त्यांचा अलार्म वाजायला लागला तो दोन वाजेपर्यंत. माझी आई ८१ वर्षांची, रक्तदाबाची. तिला घेऊन मी मागच्या खोलीत बसले, कानावर उशी धरून. त्या घराची किल्ली कुणाकडं आहे ते गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. मालकांचा नंबर होता, पण तो भारतातला, बंद पडलेला. शेवटी कुणीतरी गेटवरून चढून हूटरची वायर ओढून तोडली. दुसऱ्या दिवशी कळलं, लाइट गेली होती आणि बॅटरी उतरल्यावर तो आपोआप वाजतो म्हणे.

दादा, तुमच्या काकू चांगल्या आहेत, त्यांनी पाणी बघून फोन केला. पण अलार्म वाजल्यावर त्यांनी काय करायचं, हे त्यांच्याशी बसून बोललात का? त्यांच्याकडं किल्ली आहे का? त्यांना रिमोट दाबता येतो का? कुणी आत असेल तर एकट्यानं आत जायचं नाही, बाहेरच्या बाहेर ११२ लावायचा, हे त्यांना कुणी सांगितलंय का? वयस्कर बाई मायेपोटी कुलूप उघडून आत जाईल, याची मला जास्त भीती वाटते.


मीटर_आणि_सोल्डर
३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

ताई, हे लिहिलंत ते बरं झालं. हूटर किती वेळ वाजावा हे पॅनलमध्ये ठरवता येतं, बसवणारे ते करतच नाहीत. मी तीन मिनिटं ठेवतो. हूटरचा आवाज जवळून ११० डेसिबलच्या आसपास असतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत कायद्यानं ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चोराला पळवायला तीन मिनिटं पुरतात, गल्लीचा छळ करायला तासभर कशाला हवा?

बॅटरीबद्दल. पॅनलमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी थंड जागी असली तर चार-पाच वर्षं चालते. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आपल्याकडं लोक पॅनल माळ्यावर लपवतात, म्हणजे घरातल्या सगळ्यात तापलेल्या जागी. दोन उन्हाळ्यांत बॅटरी फुगते. खाली, आतल्या खोलीत, कपाटामागं लावा.

आणि सिम. बाजारातले बरेच स्वस्त पॅनल अजून टूजीवरच आहेत. जिओकडं टूजी नाहीच, ते २०१६ साली थेट फोरजीवर सुरू झालं, त्यामुळे त्या पॅनलमध्ये ते सिम नेटवर्कच पकडणार नाही. शक्यतो फोरजी पॅनलच घ्या, थोडे जास्त गेले तरी. त्या सिमचा रिचार्ज ही दरवेळी सगळ्यात आधी विसरली जाणारी गोष्ट. तुमच्या कॅमेऱ्याचं जे झालं तेच अलार्मचं होईल.


भीमाकाठ
४ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

लाइट रात्रीची होती, पाणी धरून आत्ता आलोय. शेतातलं मी सांगतो.

चुलत्यांना म्हणावं, दोनदा गेली म्हंजे तिसऱ्यांदाबी जाणार. चोराला ठाव असतं कुणाच्या विहिरीवर नवी केबल पडलीय. तांब्यासाठी नेतात. केबल कापून जवळच जाळतात, रबर जळाल्याचा वास सकाळी वाऱ्यावर येतो. तो वास आला की पोटात गोळा येतो बघा. चार-पाच हजाराचं तांबं ते विकत असतील, पण आमचं आठ दिवस पाणी बंद होतं. ऐन द्राक्षाला पाणी तुटलं तर वर्ष जातं.

माझ्याकडं नदीवर दोन मोटारी आणि विहिरीवर एक. मोबाइल स्टार्टर सगळ्यांकडंच असतोय आता, लाइट आली की फोन येतो, घरनंच मोटार चालू. त्यातल्या काही स्टार्टरला केबल तुटल्याची खबर द्यायची सोय असते, घेतानाच विचारून घ्यावं. माझ्याला नव्हती. म्हणून मी बारीक दोन पदरी वायर मोठ्या केबलच्या सोबत, चिकटपट्टीनं गुंडाळत, मोटारीपर्यंत नेली आणि टोकाला जोडून वळवून परत आणली. त्यातनं १२ व्होल्टाच्या बॅटरीचा लई बारीक करंट फिरत असतो. कुणी केबल कापली की ती बारीक वायरबी कापली जाते, फेरा तुटला की सिमवाला डबा मला, थोरल्याला आणि शेजारच्या वस्तीवर फोन लावतो. लाइट असो नसो. थ्री फेज बंद असतानाच चोर येतो, शॉक बसत नाही म्हणून. तेव्हा तुमचा अलार्म लाइटीवर चालत असला तर काय कामाचा.

हूटर मी लावला नाही. शेतात हूटर ऐकणार कोण? चोराला कळतं आपण सापडलो, जाता जाता स्टार्टर फोडून जातो. गपचूप फोन आलेला बरा. पण फोन आल्यावर एकट्यानं अंधारात जायचं न्हाई. आम्ही चार वस्त्यांनी ठरवलंय, एकाचा फोन आला की चौघांनी बॅटऱ्या लावून, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवत निघायचं. धरायचं न्हाई, पळवायचं. केबल वाचली म्हंजे झालं.

पुराच्या टायमाला उजनीतनं पाणी सोडलं की मोटारी वर ओढाव्या लागतात, तेव्हा ती बारीक वायर हमखास तुटते. म्हणून मधी एक जोड ठेवलाय, काढता-घालता येणारा.


स्टेशन_पार्किंग
४ फेब्रुवारी, सकाळी ११:००

जुळेसोलापूरकर, तुमच्या मोटरसायकलीबद्दल. मी सहा वर्षं अशीच गाडी लावून जातोय. रिमोटवाला अलार्म लावला होता, अनुभव सांगतो.

पहिली गोष्ट, बॅटरी. सोमवारी गाडी लावली, शनिवारी रात्री परत आलो, सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली. नवी घातली, पुन्हा तेच. मग मीटर लावून मोजलं. गाडी बंद असताना अलार्म १५ मिलिअँपिअर ओढत होता. दिसायला काहीच नाही, पण चोवीस तासांत ०.३६ अँपिअर-अवर होतात. गाडीची बॅटरी ५ अँपिअर-अवरची, म्हणजे चौदा दिवसांत पूर्ण रिकामी, आणि निम्म्यावर आली की सेल्फ उचलत नाही, म्हणजे एका आठवड्यात खेळ खलास. ज्यांच्या स्कूटरची बॅटरी ३ अँपिअर-अवरची आहे त्यांनी तर चार दिवसच धरावेत. घेताना दुकानदाराला हा आकडा विचारा, माहीत नसेल तर तिथंच मीटर लावायला सांगा.

दुसरी गोष्ट, पार्किंगमध्ये शेजारची गाडी काढताना आपल्या हँडलला धक्का लागतोच. दिवसातून वीसदा वाजतो. तिथल्या पोराला आता कुठली गाडी वाजतेय याचं काहीच वाटत नाही. वर पूर्वभागवाल्यांनी लिहिलंय तेच.

आता मी भोंगा काढून टाकला. मागच्या चाकाला जाड साखळी आणि इंजिन सुरू होऊ न देणारी लपवलेली कळ. त्या कळीची गंमत अशी की तिला बंद गाडीत करंटच लागत नाही. त्यासोबत एक छोटा ट्रॅकर, स्वतःची बॅटरी असलेला, गाडी जागची हलली तरच जागा होणारा. एक विनंती सगळ्यांना, चालत्या गाडीचं इंजिन मोबाइलवरून बंद करायची सोय देणारे ट्रॅकर येतात, ती सोय वापरू नका. गाडी हायवेला ट्रकच्या पुढं असेल आणि मध्येच बंद पडली तर चोर मरेल आणि मागचा कुणी निष्पापही मरेल.


मीटर_आणि_सोल्डर
४ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

मीटर लावून मोजलंत, शाबास. यात एक भर.

गाडीच्या आणि शटरच्या रिमोटमध्ये दोन जाती आहेत. स्वस्त जातीत कोड कायम एकच असतो. आत जी चिप असते तिच्यात दहा लाखांहून जास्त कोड शक्य असतात असं सांगून विकतात, आणि ते खरंही आहे. पण चोराला कोड ओळखायचाच नसतो. तुम्ही बटण दाबताना तो शेजारी उभा राहून सिग्नल जसाच्या तसा उचलतो. कॉपी करणारा कोरा रिमोट बाजारात सहज मिळतो, लोक हौसेनं गेटसाठी घेतात. दुसऱ्या जातीत दर वेळी कोड बदलतो, त्याला रोलिंग कोड म्हणतात, जुना उचललेला सिग्नल पुन्हा चालत नाही. कसं ओळखायचं? तो कोरा कॉपी रिमोट दुकानातच मागा आणि दुकानदारासमोर कॉपी करून बघा. कॉपी झाला तर परत द्या.


दावा_आणि_दस्त
५ फेब्रुवारी, रात्री ८:१०

विम्याची कामं करते, म्हणून दोन-तीन गोष्टी.

स्कूटरची फिर्याद दिलीत ना? विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवा, आणि दोन्ही किल्ल्या शोधून ठेवा. दाव्याच्या वेळी दोन्ही मागतात, एक हरवली असेल तर प्रश्नांची सरबत्ती होते. माझ्याकडे येणाऱ्या दाव्यांत सगळ्यात जास्त अडतं ते इथंच.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत. घर फोडून आत शिरण्याला ३३१. बाहेरगावी असाल तर खबर इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत येऊन सही करावी लागते. हद्दीचा वाद न घालता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून घेणं बंधनकारक आहे, तेव्हा पुण्यात बसून 'सोलापूरला जा' असं ऐकून घेऊ नका.

गाडीत चोरीविरोधी यंत्र बसवलं तर जुन्या मोटार टेरिफनुसार (विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकानुसार) स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के सूट मिळायची, जास्तीत जास्त ५०० रुपये. अट अशी की यंत्र एआरएआयनं, म्हणजे पुण्यातल्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं, मान्य केलेलं हवं. बाजारातला साधा भोंगा त्यात बसत नाही. रक्कम लहान आहे, पण नूतनीकरणाच्या वेळी आपल्या कंपनीला विचारायला काय हरकत?


विद्युत_तृतीयवर्ष
६ फेब्रुवारी, रात्री ११:५५

भीमाकाठ काका, तुमची फेऱ्याची कल्पना आमच्या प्रोजेक्टला वापरली तर चालेल का? विहिरीवर मोबाइलला रेंज नसेल तर तिथून घरापर्यंत लोरा रेडिओनं, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओनं, खबर आणता येते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. मोकळ्या रानात दोन-तीन किलोमीटर सहज मिळतात, आणि सिम फक्त घरी, एकच. विहिरीवरचा डबा छोट्या बॅटरीवर महिनोन्महिने चालतो, कारण एरवी तो झोपलेला असतो. दर तासाला एकदा 'मी आहे' एवढं सांगतो. ते सांगणं बंद झालं तरी घरी घंटा वाजते, म्हणजे डबाच चोरला तरी कळतं.


भीमाकाठ
७ फेब्रुवारी, पहाटे ५:३०

वापर की बाळा, विचारतोस काय. रविवारी ये रानात, बघून जा. हुरड्याचे शेवटचे दिवस आहेत, दोस्तांनाबी आण. ते दर तासाचं 'मी आहे' मला लई आवडलं. माझ्या डब्याला ते नाही. मी रोज संध्याकाळी मिस्डकॉल देऊन बघतो, रिंग गेली की बरं वाटतं.


जुळेसोलापूरकर
२१ जून, संध्याकाळी ६:२०

मंडळी, चार महिन्यांनी परत आलोय. काय केलं आणि काय झालं ते सांगणं माझ्याकडे लागत होतं.

घराला फोरजी पॅनल, तीन दारांना चुंबक, मधल्या बोळात एक पीआयआर आडवा, एक हूटर आत आणि एक बाहेर. बसवणाऱ्याच्या मजुरीसह मला साडेअकरा हजार पडले. पॅनल देवघराच्या कपाटामागं आहे, माळ्यावर नाही. हूटर तीन मिनिटं. ब्रॉडबँडवर काहीही ठेवलं नाही.

शेजारीणताईंचं वाचून मी फेब्रुवारीतच काकूंकडं जाऊन बसलो. चहा झाला, मग त्यांच्या हातात रिमोट दिला आणि मुद्दाम दार उघडून हूटर वाजवला. त्या इतक्या दचकल्या की हातातला रिमोट पडला. सहा वेळा केलं. सहाव्या वेळी त्यांनी न बघता बटण दाबलं. रिमोटवर चार बटणं होती, त्यातल्या 'बंद'च्या बटणावर मी त्यांच्या टिकलीच्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवली. किल्ली त्यांच्याकडं ठेवली नाही, समोरच्या गल्लीतल्या त्यांच्या भाच्याकडं ठेवली, म्हणजे त्यांना एकटीनं आत जायचा मोहच होणार नाही. फोन जायचा क्रम मी, भाचा, मग काकू असा आहे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री ११:४० ला संदेश आला, वीज गेली. वळवाचा पाऊस होता. २:५० ला फोन, 'मागचं दार'. अंगाला घाम सुटला. भाच्याला लावला तर तो आधीच चपला घालत होता, त्याला हूटर ऐकू आला होता. चार मिनिटांत तो, त्याचा मित्र आणि समोरचे दोन गृहस्थ बॅटऱ्या घेऊन आले, बाहेरूनच घराला फेरी मारली, मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. कुणी नव्हतं. चोरांनी जानेवारीत वाकवलेली तीच कडी मी ठोकून सरळ करून पुन्हा लावली होती. वाऱ्यानं दार बोटभर आत-बाहेर होत होतं. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून चौकटच बदलली, आतून आडणा घातला. चार हजार गेले. हे आधी करायला हवं होतं, अलार्मच्याही आधी. दार धड नसताना मी दाराला सेन्सर लावत बसलो होतो.

मोटरसायकलीला लपवलेली कळ आणि साखळी, स्टेशन_पार्किंग यांच्यासारखंच. स्कूटर मिळाली नाही. विम्याच्या दाव्यासाठी दुसरी किल्ली आईच्या शिवणाच्या डब्यात सापडली, त्याबद्दल दावा_आणि_दस्त यांचे आभार.

आणि चुलत्यांची बातमी. भीमाकाठ काकांनी स्वतः मोहोळला येऊन फेरा बसवून दिला, पैसे घेतले नाहीत, फक्त वायरीचे. १२ जूनच्या रात्री डब्यानं फोन लावला. चुलते, दोन वस्त्यांवरची माणसं, ट्रॅक्टर, हॉर्न, सगळं त्यांनी सांगितल्यासारखं. विहिरीच्या काठावर करवतीचं पान पडलेलं होतं, बारीक वायर तुटलेली आणि मोठ्या केबलचं नुसतं वरचं रबर कापलेलं. आतल्या तांब्याला धक्का नाही. चुलत्यांनी ते पान देवळीत ठेवलंय.


भीमाकाठ
२१ जून, रात्री ९:०५

लई बरं वाटलं वाचून. चुलत्यांना रामराम सांगा. ज्या ठिकाणी रबर कापलंय तिथं पावसाच्या आत चांगली टेप मारून वरनं पाइपाचा तुकडा चढवा, पाणी शिरलं तर मोटार जळंल.

आणि डब्याच्या झाकणाला आतनं सिमची तारीख रंगानं लिहून ठेवा. माझी २८ ला संपतीय, आत्ताच मारतो.